अर्ध्यावर थांबणारं शटर

दसऱ्याच्या सकाळी साडेदहाला जयवंतराव मगदुमांनी गॅरेजच्या शटरखाली बोटं घातली आणि ते वर उचललं. म्हणजे उचलायला गेले. शटर जागचं हललं नाही.

त्यांनी पाय रोवून पुन्हा जोर लावला. कमरेत कळ आली, शटर होतं तिथंच.

"आयला, तुला काय झालं आता?" जयवंतराव म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं. कोल्हापुरात रुईकर कॉलनीतल्या त्या बंगल्यात गेले आठ महिने ते एकटेच राहत होते, आणि एकटा माणूस हळूहळू वस्तूंशी बोलायला लागतो. कुकरला 'बास की' म्हणतो, फ्रीजला 'गप रे' म्हणतो. जयवंतरावांचंही तसंच झालं होतं, आणि त्याचं त्यांना आताशा काही वाटेनासं झालं होतं.

पण आज त्यांना खरोखरच घाई होती. त्यांची एकुलती एक मुलगी ऋता आज सांगलीला स्वतःचा कारखाना सुरू करणार होती. कारखाना म्हणजे काय, एक शेड, चार माणसं आणि एक भट्टी. पण भट्टी स्वतःची! जयवंतरावांचा सगळा जन्म भट्टीपुढं गेला. शिरोलीच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं फोरमन होते. कुठलं लोखंड किती तापवायचं आणि कसं गार करायचं, हे त्यांना रंगावरून कळायचं. त्या कारखान्यात एक रीत होती. नवी भट्टी उभी राहिली की तिच्या तोंडाशी जुन्या भट्टीतली एक वीट बसवायची, आणि ती बसवायची ज्यानं काम शिकवलं त्याच्या हातानं. ऋताला काम बापानंच शिकवलं होतं. मुहूर्त दुपारी दोन वाजून वीस मिनिटांचा होता.

वीट गॅरेजमध्ये होती. गाडीही गॅरेजमध्येच होती. आणि गॅरेजला दुसरं दार नव्हतं.

आदल्या दिवशी ऋताचा फोन आला होता. "बाबा, तुम्ही येणार ना?"

"येतो म्हटलं की."

"तुम्ही प्रत्येक वेळी येतो म्हणता. राखीच्या बारशाला येतो म्हणालात, आला नाहीत. गणपतीला येतो म्हणालात, आला नाहीत. मी समजून घेतलं. पण उद्या नाही आलात ना, तर त्या विटेची जागा मी मोकळीच ठेवीन. भट्टी पेटणार नाही. आणि परत बोलवणारही नाही, बाबा. मला आता येत नाही ते."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर जयवंतरावांना बरं वाटलं असतं. शांत आवाजात बोललेलं ऋता कधी फिरवत नसे, आईवर गेली होती त्या बाबतीत.

आता हे शटर काही साधंसुधं नव्हतं, ते जरा सांगायला हवं.

दहा-बारा वर्षांपूर्वी शिकणाऱ्या धातूचा शोध लागला. त्यात चिप नाही, बॅटरी नाही, वायर नाही. नुसता धातू. पण त्याच्या आतले कण असे रचलेले की प्रत्येक वाकवण्यासरशी ते किंचित सरकतात आणि सरकले तिथंच राहतात. नवी कोल्हापुरी चप्पल पहिल्यांदा चावते, मग महिन्याभरात तुमच्या पायाचा आकार घेते. पुढं ती दुसऱ्याच्या पायाला बसत नाही. तसंच हे. या धातूची स्प्रिंग शटरच्या वरच्या नळीत बसवली की बंद करताना भरलेला जोर ती उघडताना सोडते. पण किती सोडायचा, कुठं हळू व्हायचं, कुठं थांबायचं, हे ती रोजच्या हाताकडनं शिकते. साठेक वेळा उघडलं की तुमच्या हाताची ओढ तिला कळते; मध्येच थांबणं तर ती आठ-दहा वेळांतच उचलते. नंतर नुसतं बोट लावलं की ऐंशी किलोचं शटर तुमच्या चालीनं वर जातं.

ही स्प्रिंग पहिल्यांदा तयार झाली ती जयवंतरावांच्याच भट्टीत. तिच्या चाचण्या त्यांनीच घेतल्या होत्या. साठ वेळा उघडलं की शिकते, आणि दुसऱ्या हातानं तीनशे वेळा उघडलं की पहिला हात विसरते, हा आकडा त्यांच्या वहीतून कंपनीच्या पुस्तिकेत गेला. आणखी एक गोष्ट त्यांना तेव्हा सापडली होती. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानदारानं शटरवर जड पाटी लावली आणि शटर एकदम कोऱ्यासारखं वागायला लागलं. पाटी काढली, पुन्हा पूर्वीसारखं. म्हणजे स्प्रिंग ज्या वजनावर शिकते त्या वजनावरच तिला ते आठवतं. वजन बदललं की तिच्या लेखी नवीन शाळा. पुस्तिकेत एक ओळ छापली, 'शटरवर परस्पर वजन टांगू नये,' आणि विषय संपला.

घरचं शटर मात्र जयवंतरावांनी क्वचितच उघडलं. ते गाडी चालवायचे, शटर उघडायची शैला, त्यांची बायको. जाताना तीच, येताना तीच. नऊ वर्षं. त्यामुळं शटरला हात लागला होता तो शैलाचा.

शैला माघात गेली. तेराव्याला पाहुण्यांना स्टँडवर सोडून जयवंतराव परत आले, गाडीतून उतरले, आणि शटरला बोट लावलं. शटर वर गेलं. पहिली वीतभर जरा घाईनं, मग सावकाश, आणि शेवटी हलकीशी उसळी. ही शैलाची उसळी होती. ती टाचा वर करून शेवटचा रेटा द्यायची, उंची कमी पडायची तिची. जयवंतराव तिथंच फरशीवर बसले. घरातला तिचा आवाज गेला होता, साड्यांचा वास जात चालला होता, पण हे होतं. हे अजून जसंच्या तसं होतं.

आणि तीनशेचा आकडा त्यांच्याच वहीतला. आपण उघडत राहिलो की ती पुसली जाणार, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? त्यांनी गाडी आत लावली, शटर खाली ओढलं, आणि ठरवलं की आता उघडायचं नाही.

तेव्हापासून जयवंतराव कुठं गेले नाहीत. एसटीनं जाता आलं असतं, पण ते शटर एकटं सोडून त्यांचा पाय निघत नव्हता. नातीचं बारसं टळलं, गणपती टळला. भाजी कोपऱ्यावर मिळायची, बाकीचं घरपोच यायचं. ओळखीचे लोक आधी यायचे, मग फोन करायचे, मग तेही कमी झालं. रोज सकाळी मात्र जयवंतराव चहा घेऊन गॅरेजपुढं यायचे, शटरवर तळहात ठेवायचे, नीट बंद आहे ना म्हणून जरा खाली दाबून बघायचे, आणि म्हणायचे, "आहे." मग चहा प्यायचे. दिवसभरात तेवढाच एक शब्द तोंडातून निघाला, असेही दिवस गेले.

आज ऋतासाठी एकदा उघडायचं, रात्री परत येऊन एकदा, एवढी सूट त्यांनी स्वतःला दिली होती. तीनशेतले दोन.

आणि शटर उघडत नव्हतं!

जयवंतराव फोरमन माणूस. घाबरले नाहीत, ओळीनं तपासायला लागले. दोन्ही बाजूंची कुलपं उघडी होती. कड्या सुटलेल्या. बाजूच्या खाचांमध्ये खडा-कचरा नव्हता. तरी त्यांनी जुन्या टूथब्रशनं घासून ग्रीस लावलं. पट्ट्या एकेक करून ठोकून पाहिल्या, वाकलेली एकही नाही. मग शिडी लावून ते वर चढले आणि दरवाज्यावरच्या पेटीचं झाकण काढलं. नळी, बेअरिंग, स्प्रिंग, सगळं ठणठणीत. खाली उतरून पुन्हा जोर लावला, तेव्हा त्यांना एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. शटर अडकलेलं नव्हतं. ते वर जाण्याऐवजी हातातून खाली ओढत होतं. हट्टी पोरगं गेटला धरून बसावं तसं.

साडेअकरा वाजले होते. जयवंतरावांनी कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. सण असल्यामुळं माणसं सुटीवर होती, यंत्र बोललं.

"नमस्कार! मी मैत्री. आपलं शटर रुसलंय का?" आवाज लाडिक होता.

"रुसलं नाही, अडलंय."

"अरे अरे! शटरवर नवी पाटी, झालर, माळ किंवा तोरण लावलं आहे का?"

"काही लावलेलं नाही. यंदा आम्हाला सण नाही."

"छान! शटर दिवसातून किती वेळा उघडता?"

"उघडत नाही."

"समजलं नाही. एक वेळा की दोन वेळा?"

"अहो बाई, आठ महिने उघडलेलं नाही!"

"बंद असताना शटरला रोज कुणाचा हात लागतो का?" मैत्रीनं विचारलं. यादीतलाच प्रश्न असणार तो, कुत्री-मांजरं धडकतात म्हणून विचारत असतील.

'नाही' म्हणायला जयवंतरावांनी तोंड उघडलं.

लागतो. रोज लागतो. रोज सकाळी, चहाच्या वेळी, तळहात ठेवून, खाली दाबून.

त्यांनी फोन ठेवला आणि पायरीवर बसले. आठ महिने म्हणजे अडीचशे सकाळी. साठात शिकते. चाचणीच्या वेळी त्यांनी उघडणं मोजलं होतं, बंद करणं मोजलं होतं. बंद शटरला रोज कुणी मायेनं दाबत राहील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कसं येणार? असलं कोण करतं? शैलाचा हात जपायचा म्हणून ते रोज तिच्यावर स्वतःचा हात ठेवत गेले, आणि स्प्रिंगनं इमानेइतबारे धडा घेतला की हा माणूस म्हणतोय, खाली राहा. ते राहिलं. शैला आता त्यात कितीशी उरली असणार?

"एकतीस वर्षं भट्टीवर काढली," जयवंतराव स्वतःलाच म्हणाले, "आणि येवढं कळू नये माझ्या टाळक्याला?" त्यांना स्वतःची इतकी चीड आली की पायरीवर पडलेला टूथब्रश त्यांनी अंगणात भिरकावून दिला.

मग त्यांनी ऋताला फोन लावला. मागं मांडववाल्यांचा गोंधळ चालला होता.

"निघालात?" तिनं पहिलंच विचारलं.

"शटर उघडेना, ऋता."

पलीकडं सगळं शांत झालं. ती बहुधा शेडच्या बाहेर आली असावी. "हे नवीन कारण," ती म्हणाली.

"कारण नाही गं. खरंच." आणि मग जयवंतरावांनी तिला सगळं सांगितलं. आठ महिने का उघडलं नाही ते, तीनशेचा आकडा, रोजचा तळहात. कुणाला सांगितलं नव्हतं ते. सांगताना त्यांना आपलंच बोलणं येड्यासारखं वाटत होतं.

ऋताही त्याच लाईनीतली, तिला समजावून द्यावं लागलं नाही.

"म्हणजे त्यासाठी तुम्ही बारशाला आला नाहीत?" तिनं विचारलं.

"हं."

"बाबा, तुमच्याकडं ब्लो-लँप आहे ना? जिन्याखाली?"

आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. स्प्रिंग दोनशे अंशांवर वीस मिनिटं धरली की आतले कण मोकळे होतात आणि धातू पुन्हा कोरा होतो. सगळं विसरतो. जयवंतरावांचा दाब विसरतो, आणि शैलाचं जे काही उरलंसुरलं असेल तेही.

"तापवा, बाबा," ऋता म्हणाली. "मला आई त्या पत्र्यात नकोय. मला तुम्ही इथं हवे आहात."

जयवंतराव "बरं" म्हणाले आणि उठले.

ब्लो-लँप घेऊन ते शिडीवर चढले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी ज्योत पेटवली. निळी, सरळ ज्योत, आयुष्यभराची ओळख. ती स्प्रिंगजवळ नेली आणि हात थांबला. शिडीचा पाय डगमगतोय असं वाटून त्यांनी खाली पाहिलं. शिडी ठीक होती. पण खाली पाहताना त्यांना शटरच्या रुंद तळपट्टीवरचे वाकडे लोखंडी आकडे दिसले.

नऊ आकडे होते ते. शैलानं हट्टानं बसवून घेतलेले. दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. शैला शटरचीही करायची. रोज आपलं ओझं उचलतंय, त्याला एक दिवस हार नको होय, म्हणायची. आणि हार कसला, नऊ लोंबत्या झोळांची झेंडूची दणदणीत माळ, मध्ये आंब्याची पानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जयवंतरावांनी किती वेळा सांगितलं होतं की पुस्तिकेत लिहिलंय, वजन टांगू नये, मी स्वतः लिहिलंय ते! ती म्हणायची, "तुमच्या पुस्तिकेला दसरा ठाऊक नाही." दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत माळ शटरवरच असायची, आणि तेवढे दिवस शटर वेगळ्याच चालीनं उघडायचं.

वेगळ्याच चालीनं. कारण वजन वेगळं.

जयवंतरावांनी ज्योत विझवली.

ज्या वजनावर शिकते, त्या वजनावरच आठवते. त्यांचा तळहात पडला होता तो मोकळ्या शटरवर. माळेच्या शटरवर नाही. माळेच्या शटरवर नऊ वर्षं फक्त एकच हात पडला होता.

माळ घरात होती. सकाळी सातलाच कोपऱ्यावरची फुलवाली मंदा घेऊन आली होती, दरवर्षीसारखी. जयवंतरावांनी तिला दारातच सांगितलं होतं, "अगं, यंदा आम्हाला सण नाही. वर्ष झालेलं नाही अजून."

"ठावं हाय की, काका," मंदा म्हणाली होती. "सांगिटलंबी न्हवतं कुणी. पर रात्री हार कराय बसले आन् हात आपसूक वैनींच्या मापानं गुंफत गेला. नऊ झोळ. आता दुसऱ्या कुणाच्या दाराला बसायची न्हाई ही. ऱ्हाऊ दे. देवाला न्हाई तर गाईला घाला." आणि पायरीवर टोपली ठेवून ती निघून गेली होती.

घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करायचा नाही, दाराला तोरण बांधायचं नाही, गोडधोड करायचं नाही. जयवंतराव काही फार देवभोळे नव्हते, पण शैलाच्या बाबतीत एकही गोष्ट कमी पडू द्यायची नाही, असं त्यांनी धरलं होतं. म्हणून त्यांनी आधी पळवाट शोधली. माळ अंदाजे तीन किलोची. त्यांनी तीन किलो तांदळाची पिशवी तळपट्टीला मधोमध बांधली. शटर ढिम्म. मग तांदूळ दोन पिशव्यांत घालून दोन टोकांना बांधले. तेच. वजन नऊ ठिकाणी पडायला हवं होतं, आणि लोंबतं, हलतं हवं होतं. स्प्रिंग काही खुळी नव्हती. तांदूळ कोणता आणि झेंडू कोणता, हे तिला कळत होतं.

पावणेएक झाला. एक वाजेपर्यंत निघालं नाही तर मुहूर्त गाठणं शक्य नव्हतं.

जयवंतरावांनी टोपली बाहेर आणली. समोरच्या बंगल्यातल्या बाई गॅलरीत उभ्या होत्या, त्यांनी पाहिलं. पाहू दे. जयवंतराव गुडघे टेकून बसले आणि पहिला झोळ पहिल्या आकड्यात अडकवला, मग दुसरा. त्यांना हे काम कधी करावं लागलं नव्हतं, त्यांचे झोळ खालीवर झाले. झेंडूचा वास हाताला लागला. आठ महिन्यांत घरात पहिल्यांदा कसलातरी वास आला होता.

"शैला, बघ बाई," ते म्हणाले, आणि बोट लावलं.

शटर हललं.

घाईनं नाही. माळ असली की घाई नसायचीच. फुलांना धक्का लागू नये असं सावकाश, एकेक पट्टी करत ते वर आलं, आणि कमरेइतकं आल्यावर थांबलं.

जयवंतरावांना माहीत होतं की इथं थांबतं. अर्ध्यावर थांबवून शैला लोंबणारे झोळ एकेक करून वर खोचायची, नाहीतर गाडीच्या टपाला फुलं घासली असती. त्यांनी लगबगीनं झोळ खोचायला घेतले. एक, दोन, तीन, असे नऊ. फार तर वीस सेकंद लागले असतील. ते बाजूला झाले.

शटर वर जाईना.

त्यांनी वरच्या पेटीकडं कान दिला. स्प्रिंगमध्ये बारीक गुणगुण होती. ती अडली नव्हती, थांबली होती. जयवंतराव सवयीनं आकडे मोजायला लागले. दहा. वीस. अजून थांबलेलीच. तीस. एवढा वेळ शैला करायची तरी काय? झोळ तर कधीच खोचून झाले.

गेल्या दसऱ्याचं त्यांना आठवलं. दोघं सोनं वाटून परत आलेली. ते गाडीत बसलेले, ती उतरून शटरपाशी गेलेली. शटर अर्ध्यावर. ती तळपट्टीवर एक हात ठेवून, त्यांच्याकडं पाठ करून उभी. त्यांनी हॉर्न वाजवला होता. "आटप की, शैला! फुलं काय मोजतेस?" तिनं न वळता नुसता हात वर केला होता, थांबा म्हणून. त्यांनी पुन्हा हॉर्न वाजवला होता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पाचही दिवस.

माघात डॉक्टर म्हणाले होते, यांचं हृदय वर्षभर तरी दमत चाललं असणार, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

चाळीस. पंचेचाळीस.

ती फुलं लावत नव्हती. ती दम खात होती.

जयवंतरावांनी तळपट्टीवर हात ठेवला, तिनं ठेवला असेल तिथंच, आणि यावेळी दाबला नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांनी पुसलं नाही. "सावकाश," ते म्हणाले. "सावकाश होऊ दे. मला काही घाई नाही." घाई होती. मुहूर्ताला दीड तासच उरला होता आणि पन्नास किलोमीटर जायचं होतं. तरी ते उभे राहिले.

साठ झाले तेव्हा शटर आपणहून वर निघालं. हळूहळू, वरपर्यंत. शेवटी ती हलकीशी उसळी.

वीट कपाटाखाली होती, गोणपाटात गुंडाळलेली. जयवंतरावांनी ती पुढच्या सीटवर ठेवली, गाडी बाहेर काढली, उतरून शटर खाली घेतलं. माळ सुकली की तिचं वजन उतरणार आणि हेही जाणार, हे त्यांना कळत होतं. आता ते रोज उघडणार होते. मोकळ्या शटरला ते स्वतःचा हात शिकवणार होते, आणि साठ वेळा, तीनशे वेळा, जे व्हायचं ते होणार होतं. जे कळायला हवं होतं ते कळलं होतं, आणि ते स्प्रिंगमध्ये ठेवायची गरज नव्हती. त्यांना वाईट वाटत होतं. फार वाटत होतं. पण ते निघाले.

सांगलीला ते पोचले तेव्हा दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. शेडच्या दाराशी ऋता उभी होती, कडेवर राखी, डोळे रस्त्याकडं. गाडी दिसली तशी तिनं पोरगी कुणाच्या तरी हातात दिली आणि धावत आली.

"तापवलंत?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग उघडलं कसं?"

जयवंतरावांनी गाडीशीच उभं राहून तिला सांगितलं. माळ, अर्ध्यावरचं थांबणं, साठपर्यंत मोजलेलं सगळं. हॉर्नचंही सांगितलं, लपवलं नाही.

ऋतानं खाली बघितलं. "आई आमच्या जिन्यातपण थांबायची, बाबा," ती म्हणाली. "गेल्या दिवाळीत. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. मी म्हटलंसुद्धा, तेल लाव म्हणून."

मग ऋतानं बापाच्या दंडाला धरलं, आणि दोघं शेडकडं निघाली.

भट्टीपर्यंत सिमेंटचा चढ होता, पंधरा-वीस पावलांचा. जयवंतरावांच्या हातात गोणपाटातली वीट. आठ महिने घरात बसून राहिलेला माणूस तो. निम्म्या चढावर त्यांची छाती भात्यासारखी चालायला लागली. ते थांबले. वर भट्टीपाशी गुरुजी घड्याळाकडं बघत होते, माणसं ताटकळली होती.

"चला, चला! दोनच मिनिटं राहिलीत," कुणीतरी वरून ओरडलं.

ऋता बापाच्या शेजारी उभी राहिली. तिनं वर न बघता नुसता हात उचलला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "त्यांना दम खाऊ दे."